मागची झांपली : वासणा-भायली पट्ट्यातल्या एका कुलपाचं प्रकरण

कुलूप लावायचा ठराव मीच मांडला होता, हे आधी सांगून टाकतो. डिसेंबर २०२३ मध्ये बडोद्यातल्या आमच्या सोसायटीतून दोन सायकली गेल्या आणि एका टेनामेंटच्या गच्चीवरून पाण्याच्या मोटरची वायर गेली. पोलिसांत द्यावी इतकी मोठी चोरी नव्हती, पण सभा तापवायला पुरेशी होती. मी त्या वर्षी सोसायटीचा मंत्री, म्हणजे मुंबई-पुण्याकडचे लोक ज्याला सेक्रेटरी म्हणतात तो. मागच्या भिंतीत एक लहान लोखंडी फाटक होतं. इथे सगळे त्याला झांपली म्हणतात. मोठं फाटक ते झांपा, धाकटी ती झांपली. तिच्यातून कोण येतं, कोण जातं याची नोंद कुठेच होत नाही, असं मी म्हणालो. हात वर झाले. जानेवारीत कुलूप लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे काम करणाऱ्या बेन चाळीस मिनिटं उशिरा आल्या. चप्पल काढता काढता एवढंच म्हणाल्या, "भाई, झांपो केम बंद?" मी चोरीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भांड्यांकडे वळल्या. बायको आतून म्हणाली, "अहो, त्या आता कुठून आल्या ते विचारा की जरा."

विचारलं. मग स्कूटर काढून मोजलं. बेनचं घर मागच्या गामतळात, म्हणजे आपण ज्याला गावठाण म्हणतो तिथे. झांपलीतून आमचं स्वयंपाकघर त्यांना साधारण ३५० मीटर. पुढच्या गेटने यायचं तर गावातून बाहेर पडा, मोठ्या रोडला लागा, शेजारच्या दोन सोसायट्यांच्या भिंतींच्या कडेने वळसा घाला आणि मग आमच्या वॉचमनच्या केबिनशी या. स्कूटरच्या काट्यावर १ किलोमीटर ९०० मीटर. फरक १,५५० मीटरचा. त्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येतात, म्हणजे चार फेऱ्या, म्हणजे रोजची ६ किलोमीटर २०० मीटर जादा चाल. माझ्या एका ठरावाची ही किंमत, आणि ती मोजणारी बाई सभेत नव्हती.

मी चौतीस वर्षं एका खासगी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर, नंतर कॉम्प्युटरवर. शहराच्या या पश्चिम पट्ट्यातले कितीतरी लेआउट माझ्या हातून गेले असतील. त्या सगळ्यांत गेट दाखवायला मी दोन छोट्या रेघा आणि एक बाण काढत असे. भिंत दाखवायला एक जाड रेघ. जाड रेघेच्या पलीकडे काय आहे ते कागदावर कोरंच असायचं, कारण ते आपल्या सर्व्हे नंबरात येत नसे.

आधी तिथे काय होतं

आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी कपाशी आणि एरंडाची शेतं होती. शेतांच्या मधून गावाकडे एक नेळियु जायचं. नेळियु म्हणजे दोन कुंपणांच्या मधली खोलगट गाडीवाट. दोन्हीकडे थोर, वर बाभळी, खाली धूळ, पावसाळ्यात घोटाभर चिखल. बैलगाडी एकच जाईल इतकी रुंदी. पण ते गावातून निघून थेट पुढच्या गावाला लागायचं, आणि मधे त्याला आडवी जाणारी दोन-तीन नेळियां होती. गावातले म्हातारे अजून सांगतात की शेतातून स्टेशनाकडे जायचं तर डोळे मिटून जाता यायचं.

मग टीपी आली, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. गुजरातेत शहराची वाढ ज्या पद्धतीने होते ती इतर राज्यांतल्या वाचकांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. सरकार इथे शेतकऱ्याची पूर्ण जमीन विकत घेऊन त्याला बाहेर काढत नाही. एखाद्या पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेले प्लॉट करून ज्याच्या त्याला परत द्यायची. जुना तो ओपी, नवा तो एफपी. ओरिजिनल प्लॉट आणि फायनल प्लॉट. जी जमीन जाते तिला म्हणतात कपात. १९७६ च्या नगररचना कायद्यात त्याचे आकडे दिलेले आहेत : रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा-मैदानांसाठी ५, शाळा-दवाखान्यांसाठी ५, आणि खर्च भागवायला विकण्यासाठी १५. एकूण ४०. म्हणून आमच्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, "चाळीस टक्के कपात" हे तो झोपेतही सांगेल. याचं मूळ जर्मनीत आहे. फ्रांकफुर्टचे महापौर फ्रान्स आडिकेस यांनी १९०२ मध्ये असा कायदा करून घेतला, आणि मुंबई इलाख्याने १९१५ मध्ये आपला नगररचना कायदा केला तेव्हा ही कल्पना इकडे रुजली. बडोदे तेव्हा संस्थान, त्यामुळे इलाख्याचा कायदा इथे नव्हता. इथे टीपीचं खरं राज्य सुरू झालं ते १९७८ मध्ये वुडा, म्हणजे बडोद्याचं नगरविकास प्राधिकरण, स्थापन झाल्यावर.

मला ही पद्धत आवडते. शेतकरी उखडला जात नाही, रस्ता फुकटात मिळतो, आणि वाकडीतिकडी शेतं सरळ होतात. पण त्या सरळ होण्यातच आमचं नेळियु गेलं. गाडीवाटेची जमीन इतरांच्या जमिनीबरोबर एकत्र झाली, आणि नव्या नकाशात तिच्या बदल्यात १२ मीटरचा रस्ता आखला गेला, जुन्या वाटेपासून साधारण दीडशे मीटर दक्षिणेला. कागदावर हिशेब चोख आहे. आठ फुटांची चिखलवाट गेली, चाळीस फुटांचा रस्ता आला.

फक्त तो आला नाही. रस्त्याचा दोन्हीकडचा भाग उघडला, डांबर पडलं, दिवे लागले. मधले साठ मीटर एका एफपीच्या वादात अडकले. तिथे अजून एरंड उभा आहे. नेळियु बंद झालं तेव्हा लोकांनी आमच्या प्लॉटच्या कडेने पायवाट पाडली, आणि बिल्डरने, कामाचे मजूर गावातूनच येत होते म्हणून, भिंत बांधताना तिथे झांपली ठेवली. म्हणजे आमची झांपली ही त्या साठ मीटरांची आणि त्या गाडीवाटेची वारस. मी कुलूप लावलं ते तिला.

पोळही बंदच असते की

हे सगळं मी दांडिया बाजारात आईला सांगितलं. आमचं जुनं घर तिथे आहे. बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांप्रमाणे आम्हीही दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग या त्रिकोणातले. आई म्हणाली, "इथे कोण कुठं अडलंय? वाडी भागात जायचं तर सतरा वाटा." खरं आहे. माझ्याही मनात पटकन तेच आलं होतं : जुनं शहर जोडलेलं, नवं तुटलेलं.

पण नकाशा काढणाऱ्या माणसाने इतक्या लवकर खूश होऊ नये. जुन्या शहराचा सांगाडा आहे तो चार दरवाजांचा : लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. चारी दरवाजांचे रस्ते नाकासमोर मांडवीत येऊन मिळतात. मांडवीच्या चौकात उभं राहिलं की चारी दिशांना शहर उघडतं. हे झालं मोठ्या रस्त्यांचं. आत शिरलं की पोळी लागतात, आणि पोळ म्हणजे काय? एक तोंड, आत घरं, शेवटाला भिंत किंवा देऊळ. पूर्वी रात्री तोंडही बंद होत असे. आजच्या भाषेत ती गेटेड सोसायटीच. बंद गल्ल्यांची नुसती संख्या मोजली तर जुनं शहर कदाचित आमच्या पट्ट्याला मागे टाकेल.

मग आईला अडल्यासारखं का वाटत नाही? मी एका रविवारी चालून पाहिलं. पोळ पन्नास-साठ पावलांत संपते. चुकून आत शिरलात तर मिनिटभरात परत तोंडाशी. आणि पोळीला वळसा घालून जायचं असेल तर पुढची गल्ली हाकेच्या अंतरावर. आमच्या सोसायटीची मागची भिंत मी पावलांनी मोजली तर तीनशे ऐंशी पावलं भरली, आणि तिला लागून शेजारची, मग तिला लागून तिसरी. बंद असणं दोन्हीकडे सारखंच आहे. बंद तुकडा केवढा, यावर सगळं ठरतं. पोळीच्या शेवटी ओटल्यावर बसलेली आजी रस्ता अडवत नाही. पाऊण किलोमीटरची सलग भिंत अडवते.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१६ मध्ये बडोद्याच्या वाढीवर अहवाल देऊन गेले, १९१८ मध्ये इंदूरवर दोन खंड लिहून गेले. जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ता फाडून काढायला त्यांचा विरोध असे. आधी वस्तीत पायी फिरा, मग एखादं पडकं घर काढा, एखादा कोपरा मोकळा करा, दोन गल्ल्या जोडा, असा त्यांचा खाक्या. शस्त्रक्रिया, पण बेताची. आमच्या पट्ट्यात पाडायला पडकं घर नव्हतं. झांपली होती.

सोळा नाके

इथे थोडं गणित करतो. पाचवीच्या पोराला जमेल इतकंच.

कागदावर चार उभ्या आणि चार आडव्या रेघा काढा. सोळा ठिकाणी त्या एकमेकींना छेदतील. हे झाले सोळा नाके. नाक्यापासून नाक्यापर्यंतचे रस्त्याचे तुकडे मोजा : बारा आडवे, बारा उभे, चोवीस. चोवीसला सोळाने भागा, १.५ आलं. आता तेच सोळा नाके झाडासारखे जोडा. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. कुठल्याही नाक्यावरून कुठल्याही नाक्यावर जाता येईल, पण वाट एकच. तुकडे लागतील फक्त पंधरा. भागाकार एकाच्याही खाली. पहिल्या नकाशात चोवीसातून सोळा वजा करून एक मिळवा, नऊ येतात. ते नऊ चौकोन म्हणजे रस्त्याचे नऊ वेढे. दुसऱ्यात पंधरातून सोळा गेले, अधिक एक, शून्य. वेढा एकही नाही. म्हणून पहिल्यात एखादा तुकडा बंद पडला तरी माणूस पलीकडून जातो. दुसऱ्यात कुठलाही एक तुकडा तोडा, कोणीतरी अडकतंच.

बिल्डरच्या माहितीपत्रकात या दुसऱ्या चित्राला शांत, सुरक्षित वसाहत म्हणतात. खोटं नाही ते. आमच्या आतल्या रस्त्यावर पोरं बिनधास्त क्रिकेट खेळतात.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे जगभरचे रस्ते असे मोजून काढले : नाक्यावर किती रस्ते मिळतात, किती गल्ल्या बंद आहेत, सरळ अंतराच्या मानाने वाट किती वळसा घेते. १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले, असं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे अमेरिकेत, जिथून ही बंद गल्लीची आवड पसरली असं आपण धरून चालतो, तिथे तुटकपणा १९९४ च्या सुमारास शिखरावर जाऊन नंतर उतरायला लागला. तेव्हा आमच्या पट्ट्यात शेतंच होती. ते सोडायला लागले, त्यानंतर आम्ही भिंती बांधायला घेतल्या. आणि इमारत पाडता येते, पण रस्त्याची आखणी एकदा पडली की पिढ्यान्पिढ्या राहते. मांडवीचे चार रस्ते पाहा. राजवटी बदलल्या, ते हलले नाहीत.

नदी, रूळ आणि कांस

बडोद्याचं एक मूळचंच दुखणं आहे. विश्वामित्री उत्तरेकडून दक्षिणेकडे शहराच्या मधून जाते. तिच्या पश्चिमेला मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्ग, तोही उत्तर-दक्षिण. जुनं शहर नदीच्या पूर्वेला, नवी वाढ रुळांच्या पश्चिमेला. म्हणजे आईकडून माझ्याकडे यायचं तर एकदा नदी आणि एकदा रूळ ओलांडायलाच हवा, आणि ओलांडायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या : अकोटा-दांडिया बाजार पूल (आता त्याच्यावर सौर पॅनेलचं छप्पर आहे, उन्हाळ्यात सिग्नलला थांबताना बरं वाटतं), काळा घोड्याचा पूल, जेतलपूर, लालबाग आणि अलकापुरीचं गरनाळं (रुळांखालचा भुयारी रस्ता), जे दोन जोरदार सरी आल्या की आधी तळं होतं आणि मग बातमी. शिवाय शहरातून कांसी वाहतात. भूखी, मसिया, रूपारेल. पावसाचं पाणी वाहून नेणारे हे मोठे नाले, आणि त्यांच्यावर पूल जिथे असेल तिथेच रस्ता पलीकडे जातो.

निसर्गाने आणि रेल्वेने शहराच्या उभ्या पट्ट्या केल्याच होत्या. त्यांत आम्ही आडव्या भिंती घातल्या.

२००१ च्या जनगणनेत शहर १३ लाखांचं होतं, २०११ मध्ये पावणेसतरा लाखांच्या जवळ. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल अशी गावं महापालिकेत आली. हद्द वाढली की ती वर्तमानपत्रात येते. आतले नाके किती वाढले, ते कोणी छापत नाही.

रुंदीची हाव

या प्रकरणातला माझ्या धंद्याचा वाटा हा इथे आहे, आणि तो मला उशिरा कळला.

पाचशे मीटर बाय पाचशे मीटरचा चौकोन घ्या. क्षेत्र २ लाख ५० हजार चौरस मीटर. कायद्याच्या हिशेबाने रस्त्याला १५ टक्के, म्हणजे ३७,५०० चौरस मीटर. आता हे सगळं ३० मीटर रुंदीच्या रस्त्यांत घातलं, तर लांबी मिळते १,२५० मीटर. पाचशेचे अडीच रस्ते. चौकोनाच्या पोटात एक उभा, एक आडवा आणि एक अर्धवट. तेवढीच जमीन १२ मीटरच्या रस्त्यांत घातली तर ३,१२५ मीटर. तीन उभे, तीन आडवे, वर थोडं उरतंच. दर सव्वाशे मीटरला एक नाका. जमीन तेवढीच गेली, शेतकऱ्याची कपात तेवढीच झाली. बारा मीटरच्या नकाशात माणूस पाच मिनिटांत पलीकडे, तीस मीटरच्या नकाशात रिक्षा करतो. नाक्यांवरची दुहेरी मोजणी मी धरलेली नाही, पण मुद्दा त्याने बदलत नाही.

प्रत्यक्षात दोन्ही टोकं होत नाहीत, मधलं काहीतरी होतं. पण ओढ रुंदीकडेच असते. रुंद रस्त्यावरच्या प्लॉटला उंच इमारत मिळते, उंच इमारतीला भाव मिळतो, म्हणून जमीनमालकालाही रुंदच हवा असतो. "आपल्याला चोवीसचा टच आहे", म्हणजे प्लॉट चोवीस मीटरच्या रस्त्याला लागून आहे, हे मी किती ग्राहकांच्या तोंडून ऐकलं त्याची मोजदाद नाही. "आपल्या शंभर मीटरवर चार नाके आहेत" असं एकही जण म्हणाला नाही. मग मोठ्या रस्त्यांच्या मधे मोठे एफपी उरतात. एकेका एफपीत बिल्डर आपले आतले रस्ते काढतो, साडेसात मीटरचे, नऊ मीटरचे, छान पेव्हर ब्लॉकचे. हे रस्ते खासगी. ते भिंतीपाशी संपतात. शेजारच्या एफपीतल्या बिल्डरचे रस्तेही त्याच भिंतीपाशी पलीकडून येऊन संपतात. मधे नऊ इंचाची वीट. तसे दोन लेआउट एकाच वर्षी आमच्याच ऑफिसात निघाले होते. एक माझ्या टेबलावर, एक समोरच्या. दोघांनीही आपापली जाड रेघ मारली.

इतर शहरांचं थोडक्यात. अहमदाबाद आणि सुरतेतही टीपीच, त्यामुळे मोठ्या रस्त्यांची जाळी तिथे चांगली विणली जाते आणि आतलं दुखणं आमच्यासारखंच राहतं. २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावात मात्र याच टीपीने बंद गल्ल्या जोडल्या, अरुंद बोळ रुंद केले. म्हणजे अवजार वाईट नाही, कुठे चालवायचं ते ठरवावं लागतं. इंदूरला माझी बहीण राहते. तिथे विकास प्राधिकरणाच्या योजनांना नंबर असतात, चोपन्न, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. आत सरळ रेषा, पण एका नंबरातून दुसऱ्या नंबरात जायचं तर पुन्हा ए. बी. रोड किंवा रिंग रोड गाठावा लागतो, कारण मधे कोणा तिसऱ्याची कॉलनी. मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा बदलून जमिनी एकत्र करण्याची गुजरातसारखी वाट धरली, तिचं फळ दिसायला वेळ आहे. ग्वाल्हेर हे तर मुळातच तीन गावं : किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून झालेलं लष्कर, आणि मुरार. त्या तिघांना सांधणाऱ्या रस्त्यांवर सगळ्या शहराचा भार, आणि पश्चिमेला दिल्लीची गर्दी खेचण्यासाठी आखलेलं नवं शहर, जिथे रस्ते आधी आले आणि माणसं यायची राहिली. आमच्या उलट.

ऑगस्ट २०२४

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री चढली. धोक्याची पातळी २५ फूट. ती पस्तिसाच्याही वर गेली. शहरभर काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे नदी आली नाही, पण कांसेचं पाणी मागे फिरलं आणि पुढचा मोठा रोड, ज्याच्या "टच"साठी लोकांनी जास्त पैसे मोजले होते, तो छातीइतका भरला. आमचं गेट त्याच रोडवर. सोसायटीत एकशे बारा घरं आणि बाहेर पडायची वाट एक. सोळा नाक्यांच्या गणितातलं झाड. त्याचं खोडच पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मागून आवाज आला. गामतळ उंचावर आहे. जुनी गावं पाण्याचा अंदाज घेऊनच वसलेली असतात. वॉचमनने किल्लीची वाट न बघता पाण्याच्या पाइपाने कुलूप फोडलं होतं आणि झांपलीतून दुधाच्या थैल्यांचे क्रेट आत येत होते. मागोमाग बेन आल्या, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून, हातात मेणबत्त्यांचा पुडा. वीज नव्हती. सात नंबरच्या काकांना डायलिसिसला न्यायचं होतं. त्यांना खुर्चीवर बसवून चौघांनी झांपलीतून गावात नेलं, तिथून गाडी मिळाली. झांपलीची रुंदी अडीच फूट. खुर्ची तिरकी करावी लागली. झांपलीच्या लोखंडी पट्टीवर खुर्चीच्या हाताचा निळा रंग अजून लागलेला आहे.

तीन दिवस झांपली रात्रंदिवस उघडी होती. काही चोरीला गेलं नाही, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. पुरात चोरही अडकले असतील.

सभा

पाणी ओसरल्यावर मी पुन्हा सभा बोलावली आणि माझाच ठराव मागे घ्यायचा प्रस्ताव ठेवला. माझ्याजवळ नकाशा होता, मोजमाप होतं, खुर्चीची आठवण ताजी होती. मला वाटलं, दहा मिनिटांत उरकेल.

दोन तास लागले. विरोध करणारे दुष्ट नव्हते. एक बाई म्हणाल्या, माझे मिस्टर बाहेरगावी असतात, मागच्या भिंतीला लागून माझंच घर आहे, रात्री बाराला कोणी आत आलं तर तुमचा नकाशा काय करेल? याला उत्तर नव्हतं. एक जण म्हणाला, वाट उघडी ठेवली तर उद्या वहिवाट सांगून कोणी कायमचा हक्क लावेल. हेही अगदीच हवेतलं नाही. आणि खरी गाठ पैशाची. प्रत्येक दरवाजाला दोन पाळ्यांचे दोन वॉचमन धरले तर मेंटेनन्स वाढणार. ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत त्यांना झांपली लागत नाही. ज्यांना लागते, त्यांतल्या बहुतेकांना सभेत मत नाही. आपल्याकडे भिंती उभ्या राहतात त्या अशा, मतं मोजून, रीतसर, इतिवृत्तात लिहून. मीच लिहिलं होतं जानेवारीचं इतिवृत्त.

कोणीतरी विचारलं, मग ते साठ मीटर कधी उघडणार? बारा मीटरचा रस्ता झाला की हा प्रश्नच मिटतो. मी तीन वेळा संबंधित कार्यालयात जाऊन आलो होतो. फाइल पुढच्या टेबलावर आहे, एवढं कळलं होतं. कोणत्या पुढच्या, ते नाही. शिवाय तो रस्ता उघडला तरी आमच्या मागच्या भिंतीत दरवाजा नसेल, तर आम्हाला तो दीडशे मीटर लांबूनच पाहावा लागेल, हे मी फळ्यावर काढून दाखवलं. त्यावर थोडी कुजबुज झाली. बहुतेकांच्या डोक्यात रस्ता झाला म्हणजे जोडणी झाली असंच होतं. माझ्याही होतं, चौतीस वर्षं.

शेवटी तोडगा निघाला. झांपली सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८ उघडी. बाकी वेळ कुलूप. एक किल्ली वॉचमनकडे, एक पंपरूममध्ये खिळ्याला, पुराआगीसाठी. वर एक दिवा आणि एक कॅमेरा, खर्च मागच्या ओळीतल्या घरांनी जादा न देता सगळ्यांत वाटून. भिंतीलगतच्या बाईंनी कॅमेऱ्याचं चित्र आपल्या मोबाइलवर मागितलं, ते दिलं. शेजारच्या सोसायटीला आम्ही पत्र लिहिलं की तुमच्या-आमच्या मधल्या नऊ इंची भिंतीत असंच एक दार काढू या, म्हणजे तुमच्या मुलांना शाळा पायी गाठता येईल. त्यांच्या प्रमुखांनी चहा पाजला. उत्तर आलेलं नाही.

फरक काय पडला? शाळेत जाणारी आमची काही मुलं पुन्हा पायी जायला लागली, मात्र थंडीत, उन्हाळ्यात व्हॅन. दूधवाला पुन्हा मागून येतो. पालेभाजीची लारी, म्हणजे हातगाडी, पूर्वी पुढच्या गेटवर उभी असायची, ती आता झांपलीच्या तोंडाशी सरकली, कारण माणसं तिथून जातात. नाका झाला की लारी येते, हे नगररचनेच्या कुठल्याही सर्व्हेपेक्षा खात्रीचं. बेनच्या सकाळच्या येण्या-जाण्याचा प्रश्न सुटला, संध्याकाळच्या येण्याचाही. पण त्यांचं चौथं घर आटपतं साडेआठला, आणि आठ वाजता कुलूप.

वेळ वाढवायची तर पुन्हा सभा. त्या बाईंना पुन्हा समजवायचं. मी अजून तो विषय काढलेला नाही.

परवा रात्री नऊ वाजता कचरा टाकायला मागे गेलो होतो. झांपलीला कुलूप होतं, कडीत नुसतं अडकवलेलं, दाबलेलं नव्हतं. वॉचमन खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी दिव्याकडे पाहिलं आणि परत फिरलो.